जुन्या पिकअपच्या इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, भिवंडीची गोदामे आणि तुर्भ्याची बाजार समिती यांच्यामध्ये आजही दहा-बारा वर्षे जुन्या पिकअप रोज माल वाहत असतात. महिंद्राची बोलेरो पिकअप असो, टाटाची २०७ असो किंवा झेनॉन असो, मालकांची तक्रार जवळपास एकच असते: गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, मुंब्रा बायपासच्या चढावर दम खाते, कसारा घाटात तर दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. अशा वेळी सल्ल्यांची कमतरता नसते. कोणी डिझेल पंपाचा स्क्रू थोडा फिरवून घ्यायला सांगतो, कोणी ट्यूनिंग बॉक्स बसवायला सांगतो, तर कोणी भंगार बाजारातून मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणण्याची तयारी दाखवतो. माझे मत याच्या उलट आहे. जुन्या इंजिनात नवी ताकद घालण्याआधी त्याची गेलेली ताकद परत आणावी, कारण हे काम स्वस्त असते, कायद्यात बसते आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत पुरेसेही ठरते. त्यानंतरही ताकद कमी वाटली, तर पुढे काय करता येते आणि कुठे थांबावे, हेही या लेखात सांगितले आहे.

ताकदीची गरज नेमकी किती असते, याचा एक हिशेब आधी मांडतो. जुन्या बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन सुमारे ६३ अश्वशक्तीचे आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधील घर्षण वजा जाता त्यातली साधारण ५३ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचते असे धरू. मालासह तीन टन वजनाची गाडी पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, ताशी ६० किलोमीटरने न्यायची, तर चढ, टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा रोध मिळून चाकांवर सुमारे ४७ अश्वशक्ती लागते. म्हणजे नवे इंजिन हे काम जेमतेम, पण करते. तेच इंजिन झिजून आणि तुंबून वीस टक्क्यांनी दुबळे झाले, तर चाकांवर ४२ अश्वशक्ती उरते आणि त्याच चढावर वेग ताशी ५४-५५ किलोमीटरवर येऊन थांबतो. इंजिन त्या वेळी जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) असेल असे यात गृहीत धरले आहे. फेरे मधेच पडले की खालचा गिअर टाकावा लागतो आणि वेग आणखी घसरतो. सांगायचा मुद्दा असा की, चढावर जाणवणारा फरक बऱ्याचदा याच वीस टक्क्यांचा असतो आणि ते वीस टक्के दुरुस्तीतून परत मिळतात.

आधी मोजमाप, मग खर्च

कोणतेही काम करण्यापूर्वी गाडीची आजची स्थिती कागदावर उतरवून ठेवावी, नाहीतर पैसे खर्च झाल्यावर फरक पडला की नुसता वाटतो, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. चेसिस डायनो (चाकांवरची ताकद मोजणारे यंत्र) सहज उपलब्ध असेल तर उत्तमच, पण सर्वसाधारण मालकाला रस्त्यावरची चाचणी पुरते. रविवारी सकाळी लवकर, रहदारी नसताना, तळोजा औद्योगिक वसाहतीतला एखादा सरळ आणि सपाट रस्ता निवडावा. गाडी गरम झालेली असावी, टायरमध्ये हवा योग्य असावी आणि हौद्यात वजन ठरावीक असावे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरवर स्थिर होऊन अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि ५० गाठायला लागलेला वेळ शेजारी बसलेल्या माणसाने मोजावा. चालवणाऱ्याने स्वतः घड्याळ पाहू नये. दोन्ही दिशांना दोन-तीन वेळा मोजून सरासरी काढली की वाऱ्याचा आणि उताराचा परिणाम निघून जातो. याच्या जोडीला टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतच्या अंतराचा हिशेब ठेवावा. ताकद कमी आणि डिझेल जास्त असे दोन्ही एकत्र दिसले, तर दोष इंधनाच्या किंवा हवेच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे. ताकद कमी पण डिझेल पूर्वीइतकेच असेल, तर डिझेल फिल्टर, इंधनाची लाइन आणि पंपाचा पुरवठा आधी तपासावा.

धुराचा रंगही लिहून ठेवावा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) नीट फवारत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा कूलंट आत शिरते आहे. ज्या मिस्त्रीला धूर न पाहताच इलाज सुचतो, त्याच्याकडे गाडी सोडण्याची घाई करू नये.

इंजिनाची प्रकृती

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. दाबच कमी पडत असेल, तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. गरम इंजिनावर, चांगली चार्ज झालेली बॅटरी लावून, डिझेल बंद करून, ग्लो प्लगच्या (थंड इंजिन चालू होण्यासाठी उष्णता देणाऱ्या प्लगच्या) किंवा नोझलच्या जागी गेज बसवून प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा. किमान दाब किती हवा, ते त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो चारही सिलिंडरमधील फरक. एखादे सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर तिथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे. त्या सिलिंडरमध्ये अगदी थोडे ऑइल टाकून पुन्हा दाब घेतला आणि तो वाढला, तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहे; वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटकडे पाहावे. ऑइल चमचाभराहून अधिक घालू नये, कारण डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागाच फार थोडी असते.

गेज हाताशी नसेल, तर गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी एक ढोबळ तपासणी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्याच जागी नुसते ठेवायचे. चांगल्या इंजिनावर ते किंचित थरथरते. रिंग गेलेल्या इंजिनावर ते उडून खाली पडते आणि त्या तोंडातून धुराचे फुत्कार येत राहतात. मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. झाकण उडत असेल, तर टर्बो किंवा पंप यांवर एक रुपयाही खर्च करू नये. आधी इंजिन कामाचा, म्हणजे इंजिन खोलून झिजलेले भाग दुरुस्त करण्याचा, विचार करावा.

याच टप्प्यावर टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर मॅन्युअलप्रमाणे लावून घ्यावे. अंतर कमी राहिले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. अंतर जास्त राहिले की व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि इंजिनाला श्वास पुरत नाही. कामाला वेळ थोडा लागतो, पैसे थोडे लागतात, आणि तरीही वर्षानुवर्षे हे काम न झालेल्या गाड्या मोठ्या संख्येने दिसतात.

हवा

एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता जळायला त्याहून बरीच अधिक, अठरा ते वीस किलो. डिझेल इंजिनाची ताकद वाढवणे म्हणजे मुळात हवा वाढवणे, हे एकदा लक्षात घेतले की बाजारातले अर्धे उपाय आपोआप बाद होतात.

एअर फिल्टरपासून सुरुवात करावी. महापे, तुर्भे, शिळफाटा या बाजूला बांधकामाची आणि खडीची धूळ इतकी असते की, कंपनीने दिलेले फिल्टर बदलण्याचे अंतर इथे निम्मे धरणे शहाणपणाचे आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर आतून झटकून पुन्हा बसवण्याची पद्धत रूढ आहे, पण जोरदार हवेने कागद फाटतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांतून धूळ थेट आत जाते. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवून पाहावे. बोटाला मऊ करडी धूळ लागली, तर फिल्टर फाटला आहे किंवा त्याच्या कडेचे रबर बसत नाही. तीच धूळ टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंग घासत असते. उघडा, शंकूच्या आकाराचा ‘स्पोर्ट्स’ फिल्टर तर मालवाहू गाडीला मुळीच लावू नये. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश असेल, तर हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी दिलेल्या पैशात ताकद कमी होते. शिवाय पावसाळ्यात ठाण्यात वंदना बस आगाराजवळ पाणी साचते तशा ठिकाणी खाली बसवलेल्या अशा फिल्टरमधून पाणी इंजिनात गेले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीचा बंद डबा आणि बाहेरची थंड हवा घेणारा मूळ पाइप हीच उत्तम रचना आहे. तिच्यातले तुटलेले क्लिप आणि गळून गेलेले पाइप तेवढे नवे बसवावेत.

पुढे टर्बो. इंजिन थंड असताना टर्बोचा आतला पाइप काढून कॉम्प्रेसरचे चाक दोन बोटांत धरून हलवावे. आडव्या दिशेला किंचित हालचाल चालते, पण पुढे-मागे खेळ जाणवू नये आणि पाती कवचाला घासल्याच्या खुणा तर अजिबात नसाव्यात. पाइपात ऑइलचा पातळ थर दिसणे जुन्या गाडीत साधारण आहे, थारोळे मात्र नाही. टर्बो चांगला असूनही गाडी ओढत नसेल, तर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांतून हवा गळत असण्याची शक्यता पहिली धरावी. वळणाजवळच्या घडीत केसाएवढी चीर पडलेली असते. गाडी उभी असताना ती मिटलेली राहते आणि दाब चढला की उघडते. पाइपाचे एक तोंड बंद करून दुसऱ्यातून कमी दाबाची हवा सोडायची आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे, की बुडबुडे जागा दाखवतात. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) छोटी रबरी नळी आणि तिचा डायफ्रॅमही याच वेळी तपासावा.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) असलेल्या गाडीत तो आतून-बाहेरून धुऊन घेण्याचा फायदा बऱ्याच जणांना माहीत नसतो. ठाण्यातल्या मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या हवेवर टर्बोने एक बारचा दाब चढवला, तर ती हवा साधारण १३० ते १३५ अंशांपर्यंत तापते. इंटरकूलरने ती ६० अंशांपर्यंत आणली, तर त्याच दाबाला वीस टक्क्यांहून अधिक हवा इंजिनात मावते. आतल्या नळ्यांवर ऑइलचा थर आणि बाहेरच्या पंखांत चिखल बसलेला असेल, तर हा लाभ कमी होत जातो. डिझेल किंवा योग्य क्लीनरने आतून धुऊन, पूर्ण वाळवून मगच तो पुन्हा बसवावा. आत द्रव राहिला तर तो जळणाच्या खोलीत जाऊन इंजिन आपोआप पळू लागण्याचा धोका असतो.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) ज्या गाड्यांना आहे, तिथे तो काजळीने अडकून उघडा राहतो आणि जळलेला धूर पुन्हा हवेत मिसळून ताकद घटते. तो साफ करावा. पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला मात्र मानू नये, कारण तो प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे आणि कॉमन रेल इंजिनाचा (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल मिळते) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पुढे त्यावरून दोष दाखवतो. सायलेन्सरही ठोकून पाहावा. आतले जाळीचे तुकडे सुटून तोंड तुंबले, तर टर्बो कितीही चांगला असला तरी फिरत नाही.

डिझेल

इंधनाच्या बाजूने स्वस्तातले काम आधी. डिझेल फिल्टर आणि पाणी साचणारी वाटी नवी किंवा स्वच्छ असावी, टाकीतला गाळ काढावा आणि पंपाकडे येणाऱ्या नळीत थोडे अंतर पारदर्शक नळी बसवून हवेचे बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुडे आले तर टाकीपासून पंपापर्यंतचा कोणता तरी जोड हवा ओढतो आहे.

मग नोझल. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझल उघडण्याचा दाब स्प्रिंग थकल्यामुळे हळूहळू कमी होतो आणि फवारा बारीक धुक्याऐवजी धारेसारखा पडू लागतो. पंप-नोझलच्या दुकानात हँडपंपाच्या स्टँडवर नोझल चढवला की हे आपल्या डोळ्यांनी दिसते: चांगला नोझल कर्रर् असा आवाज करून चारी बाजूंना सारखे धुके सोडतो आणि हँडल थांबवताच टोक कोरडे पडते, खराब नोझलच्या टोकाला एक थेंब लटकून राहतो. मालकाने हे काम होताना उभे राहून पाहावे, त्यात संकोच करू नये. चारही नोझल एकाच दाबाला उघडतील असे लावून, तांब्याचे वॉशर नवे घालून बसवावेत. पंप टेस्ट बेंचवर चढवून कॅलिब्रेट केला असेल, तर कोणत्या फेऱ्यांना किती डिझेल सुटते याचा कागद मागून घ्यावा. तो कागद देता येत नाही असे म्हणणाऱ्या दुकानात पंप फक्त धुऊन परत दिला जाण्याची शक्यता अधिक असते. इंजेक्शन टायमिंग मॅन्युअलच्या खुणेला जुळवण्याची आठवण तिथेच करून द्यावी, कारण पंप परत बसवताना ते सरकते.

कॉमन रेल इंजिनात ही कामे वेगळी होतात. तिथे इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या छोट्या बाटल्यांत सोडून चालू इंजिनावर प्रत्येकातून किती डिझेल परत येते ते मोजले जाते. एखाद्या बाटलीत इतरांहून बरेच जास्त जमले, तर तो इंजेक्टर आतून गळतो आणि रेलमध्ये दाब पुरेसा टिकत नाही. स्कॅनर लावून पूर्ण लोडवर रेलचा दाब अपेक्षित आकड्याला पोहोचतो का, हेही पाहावे.

इथपर्यंतची कामे नीट झाली की पुन्हा तीच तिसऱ्या गिअरची चाचणी घ्यावी. बहुतेक मालकांनी इथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ क्षमतेच्या पुढे जायचे असल्यास

२५२३ सीसीमधून ६३ अश्वशक्ती म्हणजे लिटरमागे २५. टाटा झेनॉनचे २१७९ सीसीचे इंजिन १४० अश्वशक्तीचे, म्हणजे लिटरमागे ६४. हे आकडे पाहून पहिल्या इंजिनात भरपूर वाव आहे असे वाटते, आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. पण दुसऱ्या इंजिनाचे पिस्टन, हेड, टर्बो, इंजेक्टर, कूलिंग आणि गिअरबॉक्स त्या ताकदीसाठी बनवलेले असतात, पहिल्याचे नसतात. त्यामुळे पंधरा-वीस टक्क्यांच्या पलीकडचे स्वप्न मालवाहू गाडीत पाहू नये.

यांत्रिक पंपावर पूर्ण लोडचे डिझेल ठरवणारा स्क्रू असतो आणि कंपनीने त्यावर सील लावलेले असते. तो फिरवला की ताकद खरोखर वाढते, पण हवा पुरेशी असेल तेवढीच; त्यापुढचे डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि जाताना पिस्टन व टर्बो तापवून जाते. म्हणून हे काम टेस्ट बेंचवर मोजूनच करावे, रस्त्याच्या कडेला पान्याने नाही. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवल्याशिवाय तर करूच नये. सलग चढावर तिथले तापमान सुमारे ७०० अंशांच्या वर रेंगाळू लागले, तर डिझेल मागे घ्यावे. हा मापक महाग वाटतो, पण वितळलेल्या पिस्टनपेक्षा स्वस्तच पडतो.

ज्या टर्बो गाडीला मुळात इंटरकूलर नाही, तिला तो बसवणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरळ उपाय आहे, कारण डिझेल न वाढवता जळण सुधारते आणि तापमान उतरते. त्याच इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने वापरलेला इंटरकूलर आणि पाइप मिळाले, तर जुळणीही नीट होते. रेडिएटरसमोर तो ठेवल्याने रेडिएटरला मिळणारी हवा कमी होते, याचा विचार मात्र आधीच करावा.

कॉमन रेल गाडीत ईसीयूचे रिमॅप (संगणकातली इंजिनाची सेटिंग बदलणे) करून देणारे अनेक जण आहेत. रिमॅप करणारा माणूस आधी गाडीचा लॉग घेऊन रेलचा दाब, बूस्ट (टर्बोचा दाब) आणि तापमान पाहत असेल, मूळ फाइल जपून ठेवत असेल, तर त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. रेलच्या सेन्सरला खोटा दाब दाखवून जास्त डिझेल सोडायला लावणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स जुन्या इंजेक्टरच्या गाडीला लावू नयेत. जो इंजेक्टर आताचाच दाब कसाबसा झेलतो, त्याच्यावर तो आणखी वाढवण्यात शहाणपण नाही.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. झीज भरून काढणारी दुरुस्ती यात मोडत नाही. क्षमता बदलणारे काम करण्यापूर्वी मात्र एमएच ०४ ची गाडी असेल तर ठाण्याच्या आणि एमएच ४३ ची असेल तर नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात विचारून, लेखी उत्तर घेऊनच पुढे जावे. इंजिनच बदलायचे असेल, तर त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे घ्यावे, विकणाऱ्याकडून इंजिन क्रमांकासह बिल घ्यावे आणि नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. कर्ज शिल्लक असेल तर बँकेला आणि विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर इंजिन झटक्यात पळवून मोजतात. बीएस-४ गाडीसाठी प्रकाश शोषणाची मर्यादा प्रतिमीटर १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. डिझेल वाढवलेली गाडी इथेच अडकते, आणि आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावी लागत असल्याने ही अडचण वर्षातून एकदा तरी समोर येतेच. आणखी एक गैरसमज दूर करतो: ताकद वाढली म्हणून वाहून नेण्याचे वजन वाढत नाही. आरसीवरचे एकूण वजन तेच राहते, आणि कलम १९४ मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

इंजिन काम

कॉम्प्रेशनने निकाल दिला असेल, तर पूर्ण इंजिन काम करावे लागते. नुसत्या रिंग बदलून वेळ मारून नेण्याचा प्रकार मालवाहू गाडीत फार टिकत नाही. लेथच्या दुकानात प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, शिवाय दोन दिशांना मोजायला सांगावा. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग बसत नाही. होनिंगच्या (बोअरची भिंत बारीक घासण्याच्या) तिरक्या रेषा उघड्या डोळ्यांना दिसल्या पाहिजेत, कारण त्यांतच ऑइल टिकते. हेड घासून सपाट करताना किती घासले याची नोंद घ्यावी, आणि पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून त्या मापाच्या जाडीचे हेड गॅसकेट निवडावे. हे माप न घेता मिळेल ते गॅसकेट घातल्यानेच इंजिन काम झालेल्या गाड्या कधी ठोकतात, तर कधी सकाळी चालू होत नाहीत. ऑइल पंप, क्रँकचे बेअरिंग आणि टर्बोला ऑइल देणारी नळी याच वेळी बदलावी.

इंजिनाच्या पलीकडे

टायर बदलतानाही ताकद जाते. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले, तर टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो आणि चाकावरचा जोर चार टक्क्यांनी कमी होतो. हौद्यावर घडवलेली जाड लोखंडी बॉडी आणि जादा पाटे यांचेही वजन गाडी रोज वाहते. चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावीत. एखादा ब्रेक अडकून घासत असेल, तर इंजिनावरचा सगळा खर्च तिथेच जिरतो.

ताकद मूळपेक्षा वाढवली असेल, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट चांगल्या अवस्थेत हव्यात. चौथ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा, फॅनचे व्हिस्कस कपलिंग गरम इंजिनावर घट्ट होते का ते पाहावे आणि कूलंट साध्या पाण्याऐवजी ठरलेल्या मिश्रणाचे घालावे. ब्रेकचे ड्रम आणि लायनिंग ताकदीच्या आधी, असा क्रम ठेवावा.

इंजिन काम झालेल्या गाडीला पहिले हजार किलोमीटर पूर्ण लोड देऊ नये, आणि एकाच वेगाने लांब पल्लाही करू नये. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलून टॅपेट पुन्हा तपासावेत. हेडच्या बोल्टबाबत मॅन्युअलमध्ये जे सांगितले असेल तेवढेच करावे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळत नाही. मग तळोज्याच्या त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने, त्याच गिअरमध्ये वेळ मोजून आधीच्या नोंदीशेजारी लिहावी. आकडा हलला नसेल, तर पंपाच्या स्क्रूकडे हात नेण्याआधी टर्बोचे पाइप साबणाच्या पाण्याने पुन्हा एकदा तपासावेत. खोलून परत बसवताना क्लिप ढिले राहण्याचे प्रमाण मोठे असते.